कातिनीचं कूळ

"कातीन मुतली मले," म्हणत धुरपताबाईने दारातच हात पुढे केला. "पाह्य, कसा फोड आला."

निर्मलाच्या खांद्यावरची पिशवी अजून उतरायची होती. तुमसरहून निघालेली एस.टी. मोहाडीला पोचेपर्यंत तिला बसायला जागा मिळाली नव्हती, आणि आता घरात पाय ठेवायच्या आधी ही तपासणी. तिने सासूचा हात उजेडात धरला. मनगटाच्या वर रुपयाएवढा टरटरीत फोड होता आणि त्यावर आंबोशी उगाळून थापलेली होती. कातीन, म्हणजे कोळी, अंगावरून जाताना मुततो आणि तिथे फोड येतो, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते खरं नाही हे निर्मलाला ठाऊक होतं, पण तिचं ऐकतो कोण?

"मामी, हा भाजल्याचा फोड हाय."

"तुलेच जास्त समजते! घरभर कातिनी भरून ठेवल्या, त्या मुतनार नाई तं काय आरती करतीन?" धुरपताबाईने हात ओढून घेतला. "म्या फेकल्या साऱ्या."

"काय फेकल्या?"

"तुया कातिनी. बाटल्या नाई फेकल्या. बाटल्या धुऊन ठेवल्या."

निर्मला तशीच मागच्या अंगणात गेली. तुळशीच्या ओट्यावर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या पालथ्या घालून, ओळीने, उन्हात वाळत ठेवल्या होत्या. त्यांची रबरी बुचं सुपात होती. धुरपताबाईचं काम नेहमीच चोख. बाटल्यांतलं स्पिरिट आणि त्यात जपलेले कोळी खताच्या खड्ड्यात ओतले गेले होते, आणि उरलंसुरलं कोंबड्यांनी पाहून घेतलं होतं. प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली एकेक चिठ्ठी असायची. त्या चिठ्ठ्यांनी सकाळची चूल पेटली होती.

तीन पावसाळ्यांची मेहनत होती ती. आणि शुक्रवारी नागपूरचे अंबुलकर सर ती पाहायला येणार होते.

निर्मला ओरडली नाही. तिला ओरडता येत नव्हतं अशातला भाग नाही. सासू-सुनेचं भांडण जुंपलं की शेजारची शकुनबाई भाजी चिरायची थांबायची, इतकं ते ऐकण्याजोगं असे. पण त्या संध्याकाळी निर्मलाने बुचं आणि बाटल्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि पाणी पिऊन अंथरुणावर पडली. चुलीवर भात होता. तो तिनेही खाल्ला नाही आणि धुरपताबाईनेही.

निर्मला झंझाड तुमसरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगदर्शक होती. म्हणजे प्राध्यापक शिकवतात आणि ही झुरळं भूल देऊन ठेवते, बेडूक ताटात चितपट करून टाचण्या टोचते, पोरांनी फोडलेल्या काचा उचलते. नवरा, इश्वर, त्याच्याच हट्टाने ती लग्नानंतर बी.एस्सी. झाली होती. निकाल लागला त्या वर्षी इश्वर काविळीने गेला. पोटी मूल नव्हतं. धुरपताबाईला दुसरा मुलगा नव्हता. "माहं कूळ बुडालं" म्हणून तिने जो हंबरडा फोडला होता तो मोहाडीतली जुनी माणसं अजून सांगतात. निर्मलाचा बाप तिला साकोलीला न्यायला आला होता. ती गेली नाही. का गेली नाही, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही. त्याला आता सात वर्षं झाली होती.

कोळ्यांचा नाद त्याच दिवसांतला. गावाबाहेर एक बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. तिच्या काठावर सासूच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तिथे धुऱ्यावर, बांधावर, बसल्या बसल्या एकदा तिला एक मातकट रंगाची कातीन दिसली. जाळं नाही, काही नाही, गवतातून तुरुतुरु पळत होती, आणि तिची पाठ हलत होती. निर्मलाने वाकून पाहिलं तर पाठीवर पिल्लं. दाटीवाटीने, एकावर एक, बाजाराच्या गाडीत बसल्यासारखी. दुःखात माणसाला काय धरून बसावंसं वाटेल याचा नेम नाही. निर्मलाने त्या कातिनीला धरलं.

मग ती पुस्तकं चाळू लागली. या कोळ्यांचं एक आख्खं कूळ आहे, लांडगा कोळी म्हणतात त्यांना, कारण ते जाळं विणून वाट पाहत बसत नाहीत, पळून शिकार धरतात. डोळे आठ. खाली चार बारीक, एका ओळीत. त्यांच्यावर दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. आणि त्याही वर, माथ्याशी, आणखी दोन. मादी अंड्यांची गोल पोटली शिवते आणि पोटाच्या टोकाला, जिथून सूत निघतं तिथे, चिकटवून घेऊन हिंडते. पिल्लं निघाली की ती आईच्या पाठीवर चढतात. कोळ्यांच्या इतर कोणत्याच कुळात असं नाही. याच्या जवळचं दुसरं एक कूळ आहे, दिसायला सख्ख्या बहिणीसारखं. त्यातली मादी पोटली मागे बांधत नाही, जबड्यात धरून छातीखाली नेते, आणि तिचे डोळे जवळपास सारख्या आकाराचे असतात.

निर्मलाने धानाच्या बांध्यांतले, धुऱ्यावरचे, बोडीच्या काठचे लांडगा कोळी गोळा करत आणले. पावसाळ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छत गळायचं, म्हणून बाटल्या घरच्या फडताळात. त्यांतल्या एका जातीवरून वाद होता. ती बोडीच्या काठी राहायची आणि पाण्यावरून चालायची. विभागप्रमुख कापगते सर म्हणत, पाण्यावर चालते म्हणजे ही दुसऱ्या कुळातली. निर्मला म्हणे, नाही सर, लांडगाच. कापगते सर भला माणूस, पण कपाटाची किल्ली शोधायचाही त्यांना कंटाळा. त्यांनी वाद मिटवायला नागपूरला अंबुलकर सरांना कळवलं. सरांचं उत्तर आलं की पोटलीसकट मादी दाखवा, मग बोलू. संग्रह नीट असेल तर बाईंना मी संशोधनासाठी माझ्याकडे घेतो. तशी एक मादी, पोटली मागे चिकटलेली, निर्मलाने मोठ्या कष्टाने मिळवली होती. तीही आता कोंबडीच्या पोटात होती.

मंगळवारी सकाळी ती कापगते सरांपुढे उभी राहिली आणि झालं ते सांगितलं.

"अरेरे," कापगते सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "मी सरांना कळवतो. पुढच्या वर्षी या म्हणून."

"नका कळवू सर."

"अहो, दाखवणार काय तुम्ही?"

"शुक्रवारपर्यंत जमेल तेवढं पुन्हा गोळा करते."

"बाई, तीन वर्षांचं तीन दिवसांत होतं का?"

"नाही होणार. पण रिकाम्या बाटल्या दाखवणार नाही."

त्या दिवसापासून ती बस यायच्या आधी बांध्यांत असायची आणि बसमधून उतरली की पुन्हा बांध्यांत. लुगड्याचा काचा मारलेला, पिशवीत धुतलेल्या बाटल्या. तेवढ्यापुरते तिने सासूचे आभार मानायला हरकत नव्हती, कारण बाटल्या इतक्या लख्ख कधीच नव्हत्या. धान निसवायला आलं होतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात गावाने तुडतुड्यांसाठी पावडर धुरळली होती. बांधीत पाय टाकला की नाकात तोच वास. तुडतुडे होते तसेच होते, कोळी मात्र पाण्यावर उताणे तरंगत होते. निर्मला धुऱ्याधुऱ्याने वाकून चालत राहिली. कंबर मोडली. नर सापडले, कोवळी पोरं सापडली, बोडीच्या काठी ती वादाची जातसुद्धा सापडली. पण पोटलीवाली आई काही दिसेना.

घरी दोघींचं बोलणं बंद होतं. ताट वाढलं जायचं, झाकलं जायचं. धुरपताबाई चुलीपुढे पाठ करून बसायची आणि मधूनच नाक ओढायची. निर्मलाला वाटे, धुराने.

बुधवारी संध्याकाळी बोडीवर शकुनबाई भांडी घासत होती. निर्मला गुडघाभर गवतात ओणवी. शकुनबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"निर्मला, खरं सांगजो वो. लग्न ठरलं का तुयं?"

"कोनाचं?"

"तुयं. मामीच सांगून राहिली, पदर डोळ्याले लावून. शुक्रवारी नागपूरचे पाव्हने येतेत, कूळ पाहतीन, पसंत पडलं तं निर्मला नागपूरले जाईन. थो कापगते सर मधात हाय मने." शकुनबाईने राखेचा हात धुतला. "कर वो बाई, वाईट काई नाई. तुयं वय काय झालं? पन मतारीचं काय करशीन?"

निर्मला गवतातच बसली. तिला रविवार आठवला. कापगते सर मुद्दाम घरी आले होते. ओसरीवर बसले होते. धुरपताबाई आत भजी तळत होती. आणि सर म्हणाले होते, "अंबुलकर सर शुक्रवारी नक्की येतात. कूळ तेवढं पक्कं झालं, त्यांना पसंत पडलं, की तुमचं नागपूर ठरलंच समजा." त्यावर निर्मलाने आवाज बारीक करून म्हटलं होतं, "मामींना आताच काही बोलू नका सर. मी सांगेन सवडीने." तेव्हाच आतून तेलाचा चर्र आवाज आणि धुरपताबाईचं "अगं माय" ऐकू आलं होतं. फोड तिथला होता, आणि कातिनींवर निघालेला रागही तिथलाच.

निर्मलाला हसू फुटलं. शकुनबाई पाहतच राहिली. हसता हसता निर्मलाचे डोळे भरून आले आणि मग ती चक्क रडायला लागली, तोंडावर पदर घेऊन, बोडीच्या काठावर, उघड्यावर. सासूचा राग यायला हवा होता. तो आला नाही. आपल्या जाण्याने कोणाचं काळीज एवढं हलतं, हे तिला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

घरी आली तेव्हा धुरपताबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"मामी, माहं लग्न गिग्न काई नाई ठरलं."

"मी कोठी काई मनली?"

"थे सर माहं कूळ पाहाले नाई येऊन राहिले. कातिनीचं."

धुरपताबाईचा हात सुपात थांबला. "कातिनीले कूळ असते?"

"असते."

"देवक असते?"

"थे नाई."

"मंग कायचं कूळ?" तिने तांदळातला खडा ओसरीखाली टाकला. "मले येडी बनवू नको. मी अंगठाबहाद्दर असंन, बहिरी नाई. सर काय मनले थे म्या या कानानं आयकलं. जा न, मी का अडवली तुले? पन तोंडावर सांगून जा."

निर्मलाने पिशवीतून त्या दिवशी धरलेल्या कातिनीची बाटली काढली, भिंग काढलं आणि सासूच्या शेजारी जमिनीवर बसली. "पाहा."

"मी नाई पाहत. मुतली तं?"

"काचेतून कशी मुतीन? पाहा तं."

धुरपताबाईने एक डोळा मिटून भिंगाला दुसरा लावला.

"माय वो. डोळेच डोळे."

"आठ हायेत. खालतं चार बारीक, वरतं दोन मोठे..."

"आठ डोळे, अन् सरळ तुया बाटलीत घुसली? मंग कायच्या कामाचे?"

पण भिंग तिने सोडलं नाही. निर्मला सांगत गेली. पोटलीचं सांगितलं, मागे बांधते ते सांगितलं, दुसऱ्या कुळातली तोंडात धरते, मांजर पिल्लू धरते तशी, ते सांगितलं. पाठीवरच्या पिल्लांचं सांगितलं.

"पाठीवर कवापर्यंत?" धुरपताबाईने विचारलं.

"त्याइचं पोट त्याइले भरता येईस्तोर."

"आनि यावरून कूळ ओळखतेत."

"हो. डोळे कसे हायेत, आनि लेकरं कशी वागवते, यावरून."

धुरपताबाईने भिंग खाली ठेवलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तांदूळ निवडून झाले होते, तरी ती निवडत राहिली. मग खाली पाहतच म्हणाली, "इश्वर गेला तवा तुया बाप न्याले आला होता. तू काहून नाई गेली वो?"

सात वर्षांनी विचारलं होतं. निर्मलाने खूप आठवून पाहिलं.

"मले का मालूम. भात शिजत होता. तुमी पडून होत्या, उतरवाले कोनी नव्हतं."

मग धुरपताबाईने दोघींची पानं मांडली.

"नागपूरले तरी जाशीनच न?" घास घेता घेता तिने विचारलं.

"सुटीत जाईन. महिनाभर. तुमीही चाला."

"मी कायले येऊ? कोंबड्या कोन पाहीन?" कोंबड्यांचं नाव निघालं तशी दोघींना खड्ड्यात ओतलेल्या कातिनी आठवल्या, आणि धुरपताबाईने मान खाली घातली. "त्या पोटलीवालीबिगर तुयं काम अडन का?"

"अडन."

गुरुवारही कोरडा गेला. शुक्रवारी पहाटे निर्मला बोडीला शेवटची फेरी मारून आली, हात हलवत. बाटल्यांची पिशवी घेऊन ती निघाली तेव्हा धुरपताबाईने दारातून विचारलं, "भेटली?" निर्मलाने नुसती मान हलवली. पण पाठ ताठ ठेवून ती एस.टी. स्टँडकडे गेली. अर्धीमुर्धी का होईना, आपली मांडणी आपण मांडायची, हे तिने ठरवलं होतं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. ती बोडीवर जायची ती सकाळी नाहीतर संध्याकाळी, कारण दुपार कॉलेजची. आणि लांडगा कोळ्यांच्या आया अंडी उबवायला पोटली उन्हाकडे करून बसतात त्या भर दुपारी.

अंबुलकर सर साठीचे, टकलू, जाड भिंगांचा चष्मा, अंगात बुशकोट. आल्या आल्या चहा नको म्हणाले आणि थेट बाटल्यांपाशी बसले. बराच वेळ ते एकेक बाटली उचलून पाहत होते. निर्मला मागे उभी होती आणि कापगते सर खिडकीशी उगाच घसा साफ करत होते.

"चिठ्ठ्या नीट आहेत. जागा, दिवस, सगळं. संग्रह लहान का?"

"घरी अपघात झाला सर," निर्मला म्हणाली.

मग बोडीकाठच्या जातीची बाटली आली. सरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. भिंगाला दरवर्षीप्रमाणे बुरशी धरली होती. त्यांनी ते पुसलं, पुन्हा पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं.

"डोळे तुमच्या बाजूने बोलतात बाई. मधले दोन मोठे वाटतात. पण या भिंगातून पाहून मी 'बहुधा' म्हणेन, 'पक्कं' नाही म्हणणार. पाण्यावर चालते म्हणता... पोटलीवाली मादी नाहीच?"

"नाही सर."

"मग बहुधा." त्यांनी पेनाचं टोपण उघडून कागदावर तो शब्द लिहायला घेतला.

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या दारात कोणीतरी म्हणालं, "माई सून हाय का अठीसा?"

नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, डोक्यावरचा पदर घामाने चिकटलेला, आणि पोटाशी धरलेला फडक्यात बांधलेला डबा. धुरपताबाई आत आली. आधी तिने डबा कोणाला दिला नाही. आधी तिने अंबुलकर सरांना टकलापासून चपलेपर्यंत नीट न्याहाळलं.

"हेच का थे, नागपूरवाले?"

"हो मामी."

"हं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. "बसा सायेब, बसा. उठू नका." मग तिने डबा टेबलावर ठेवला. "दुपारी भेटली. भर उन्हात बसली होती गोट्यावर, पोटली घेऊन. बोडीच्याच काठची हाय."

निर्मलाने फडकं सोडलं. झाकण अलगद सरकवून तिने काचेच्या बशीत ती कातीन उतरवली. मातकट, अंगावर दोन फिक्या पट्ट्या, तीच वादाची जात. आणि पोटाच्या टोकाला, मागे, घट्ट चिकटवलेली एक पांढरी गोळी.

"मागे!" कापगते सर खिडकीपासून धावत आले. "मागे आहे! बाई, जिंकलात!"

अंबुलकर सर पुढे वाकले. त्यांनी हातातलं भिंग बशीवर धरलं, मग चष्मा काढून पुन्हा धरलं.

"ही पोटली नाही," ते म्हणाले. "हा कापूस आहे."

निर्मलाने सासूकडे पाहिलं. धुरपताबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"धरता धरता पडली वो थे पोटली. गवतात गेली. लई पाह्यली, नाई दिसली." तिचा आवाज लहान झाला. "ही डब्ब्यात येड्यावानी फिरे. इकडं जाय, तिकडं जाय, साऱ्या कोपऱ्यानं हुडके. मले नाई पाहवलं. वातीचा कापूस होता घरी, त्याची गोळी करून टाकली आत. हिनं घेतली. आधी तोंडात धरली, मंग मांगं बांधली." ती थांबली. "म्या काई फसवाले नाई केलं सायेब. रिकामी कशी आनू इले?"

"आधी तोंडात धरली, मग मागे बांधली," अंबुलकर सर सावकाश म्हणाले. "तुम्ही पाहिलं?"

"माह्या डोळ्यानं. येस्टीत झाकन जरासंक उघडून पाहतच आली न मी."

सरांनी हातातला कागद जवळ ओढला, 'बहुधा' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि निर्मलाकडे पाहिलं. "अंडी खोटी असली तरी बांधायची रीत खोटी नसते. दुसऱ्या कुळातली असती तर कापूसही तोंडातच धरून बसली असती. झंझाड बाई, कूळ पक्कं. जूनमध्ये नागपूरला या."

निर्मला घाईने "हो सर" म्हणाली. धुरपताबाई मात्र अजून बशीकडेच पाहत होती. कातीन कापसाची गोळी मागे घेऊन काचेच्या कडेकडेने फिरत होती, अगदी जपून.

"आपलं नाई थे, हे इले समजत नसंन का सायेब?"

"कोण जाणे, आजी," अंबुलकर सर म्हणाले. "तिला चाललं, एवढंच दिसतं."

ही सगळी एकोणऐंशी सालची गोष्ट. पुढे निर्मलाची नागपूरची महिनाभराची सुटी दरवर्षी ठरून गेली. कोंबड्या शकुनबाईकडे ठेवून धुरपताबाईही सोबत जाऊ लागली आणि नागपूरच्या पाण्याला नावं ठेवू लागली. आधी एम.एस्सी. आणि मग प्रबंध, पुरं व्हायला खूप वर्षं लागली, मधे दोनदा सगळं सोडून द्यायची वेळ आली, पण निर्मलाने ते सोडलं नाही. ती त्याच कॉलेजात प्राध्यापक झाली. काचेच्या कपाटात आजही एक बाटली आहे, आत मातकट कातीन आणि मागे कापसाची गोळी. दरवर्षी नवी पोरं हसतात आणि दरवर्षी झंझाड बाई त्यांना कुळाची ओळख त्याच बाटलीवरून शिकवतात.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात धुरपताबाईचे पाय गेले आणि डोळेही अधू झाले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डोळे दाखवायचा दिवस ठरला, त्याच दिवशी बोडी भरून सांडली. घरापासून एस.टी. स्टँडपर्यंतच्या वाटेवर गुडघाभर गढूळ पाणी. बैलगाडी मिळेना.

"राहू दे," धुरपताबाई म्हणाली. "आता पाहून का करू? सारं पाहून झालं."

निर्मला उठली. तिने लुगड्याचा काचा मारला, सासूच्या पुढे पाठ करून उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही हात आपल्या गळ्यात ओढून घेतले. उठताना तिला वाटलं, मागच्या साली तापात उचललं होतं त्यापेक्षा म्हातारी फार हलकी झाली. ते तिच्या मनाला लागलं. पण पाय पाण्यात घातलेले होते, मग ती चालत राहिली.

शकुनबाई आपल्या ओसरीवरून पाहत होती. तिला हसू आवरेना. "काय वो मामी, सुनेच्या पाठीवर! या वयात!"

धुरपताबाईने निर्मलाच्या खांद्यावरून मान वर केली. तिला शकुनबाई दिसत नव्हती, पण आवाजाकडे तिने बरोबर तोंड केलं.

"हासू नको शकुन," ती म्हणाली. "आमचं कूळच तसं हाय."

निर्मलाने तिला पाठीवर जरा वर सरकवून घेतलं आणि पुढचं पाऊल टाकलं.